रिकाम्या गाडीतले पट्टे

"म्हणजे चूक माझी आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" धैर्यशीलने विचारलं.

दस्तगीर मिस्त्रींनी गाडीचं छत दोन बोटांनी पुन्हा एकदा खाली दाबलं. मागून दाबलं की पुढून उचलायचं. पुढून दाबलं की मागून.

"मी कुठं काय म्हणालो," ते म्हणाले. "छत म्हणतंय."

गाडी त्यांच्या समोर टेबलावर होती. वीतभर लांब, लाल रंगाची, नाक जमिनीला टेकलेलं आणि मागची चाकं पुढच्यांच्या दुप्पट रुंद. ड्रॅग गाडी. म्हणजे फक्त सरळ पळायची गाडी. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि पाव मैलावर निकाल लागतो. सगळा खेळ बारा सेकंदांचा. खऱ्या गाडीतला एक फूट ह्या छोट्या गाडीत अर्ध्या इंचात बसवायचा होता.

धैर्यशील इंगवले अकरा महिने हेच करत होता.

पुण्याच्या प्रदर्शनात त्याच्या छोट्या गाड्यांना दोनदा पहिला नंबर मिळालेला. तो मिस्त्रींकडे पहिल्यांदा आला तेव्हा दारातच म्हणाला होता, "मी शिकायला आलेलो नाही. तुमची हत्यारं बारीक आहेत असं ऐकलं, म्हणून आलोय."

मिस्त्री म्हणाले होते, "मग हत्यारांकडनं शीक."

आणि सरकून त्याला टेबलाशी जागा करून दिली होती.

मिस्त्रींचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका बोळाच्या शेवटी. चाळीस वर्षं त्यांनी फौंड्र्यांना लाकडी नमुने करून दिले. आधी सागवानाचा हुबेहूब पंप करायचा, किंवा हुबेहूब चाक. तो वाळूत दाबून ठसा उठवायचा आणि त्या पोकळीत रसरशीत धातू ओतायचा. धातू जगभर जायचा. लाकूड परत मिस्त्रींच्या माळ्यावर यायचं. आता त्यांच्या डोळ्यांना जाड भिंग होतं, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं करवतीने कधीच नेली होती. तरी एखादी वस्तू किती वाकडी आहे हे त्यांना उरलेल्या बोटांनी कळायचं. म्हणून सगळा भाग त्यांना वस्ताद म्हणायचा.

"छत काय म्हणेल," धैर्यशील म्हणाला. "छत मी घरी बनवलंय. स्वतः मोजून. एका केसाचा फरक नाही त्यात."

"मग आतलं?"

"आतलं तर तुमच्यासमोरच केलंय की मी."

मिस्त्रींनी छत काढून बाजूला ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि आत पाहिलं.

आतलं बघत राहावं असंच होतं. खुर्ची थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची. तिच्या पाठीवर, खऱ्या खुर्चीत जिथे अंग घासून रंग गेला होता, तिथेच धैर्यशीलने रंग खरवडला होता. वेगाच्या घड्याळांचे काटे एका केसाच्या कुंचल्याने काढलेले, आणि त्यांच्यावरची काच म्हणजे बिनरंगी नेलपॉलिशचा एकेक थेंब. आग विझवायची नळकांडी बॉलपेनच्या रिफिलची. गिअरच्या दांड्याला टाचणीचं डोकं. पायाने दाबायच्या तीन पट्ट्यांना सुईने पाडलेली भोकं, बूट घसरू नये म्हणून असतात तशी.

ह्या सगळ्याभोवती पितळी तारेचा पिंजरा. गाडी उलटली तर आतला माणूस चेंगरू नये म्हणून खऱ्या गाडीत असा नळ्यांचा पिंजरा असतो. चार खांब, वर आडव्या नळ्या, दारापाशी एकेक तिरकी. प्रत्येक सांधा झाळलेला आणि घासून गुळगुळीत केलेला.

आणि खुर्चीत लाल पट्टे. दोन खांद्यांवरून आलेले, दोन कमरेवरून, आणि मधोमध एका बकलात अडकवलेले. फितीची कड कापून केलेले. बकल टाचणीच्या तारेचं, मसुराच्या अर्ध्या डाळीएवढं.

मिस्त्री त्या बकलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

मग म्हणाले, "कुठल्या पट्टीनं मोजलंस हे सगळं?"

"तुमच्याच."

"माझ्या म्हणजे? ती भिंतीवरची?"

"ती कसली पट्टी, तिचे आकडेसुद्धा पुसलेत. ती, खणातली. पितळी टोकांची."

मिस्त्रींचा हात दिव्यावरच थांबला. "खण उघडलास तू?"

"तुम्ही नमाजाला जायचात, मापं तेव्हाच घ्यायचो. विचारायला कोण नसायचं. आणि हत्यारांकडून शीक म्हणाला होता की तुम्हीच."

मिस्त्री हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलले. त्यांनी खणातली पट्टी काढली, भिंतीवरची काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एका बाजूची टोकं अंगठ्याने सारखी केली.

"बघ."

पहिल्या इंचाला फरक दिसत नव्हता. दुसऱ्यालाही नाही. सहाव्या इंचाला रेघा एकमेकींना चुकल्या. बाराव्याला खणातली पट्टी पाव इंच पुढे गेलेली.

धैर्यशीलने दोन्ही पट्ट्या उचलून उलट्या ठेवून पाहिल्या. मग पुन्हा सुलट्या.

"ही खोटी आहे," तो म्हणाला.

"खोटी न्हाई. वाढीव हाय."

"म्हणजे?"

"पोलाद ओतताना तापलेलं असतंय. गार होताना आटतंय. फुटाला पाव इंच. म्हणून नमुना करतानाच तेवढा मोठा करायचा, मग गार झाल्यावर मापात येतंय. ही पट्टी तशी आखलेली. नमुनेवाल्याबिगर कुणाच्या कामाची न्हाई."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तू इचारलं न्हाईस."

धैर्यशील उठला. दुकानाच्या दारापर्यंत गेला, बोळात पाहिलं, परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

खुर्ची, पिंजरा, घड्याळं, तळाचा पत्रा. सगळं त्याच एका पट्टीने मोजलेलं. म्हणून आतलं सगळं आपसांत बरोबर जुळत होतं, आणि अकरा महिन्यांत काहीच खटकलं नव्हतं. जुळत नव्हतं ते फक्त बाहेरच्याशी.

"पण मी कुठं काय ओतणार होतो, वस्ताद?" तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. जे गार व्हायचंच न्हाई, त्याला ही पट्टी लावलीस कशाला?"

धैर्यशीलला ह्यावर बोलायचं होतं, पण तेवढ्यात आतला पडदा सरला आणि हलीमाचाची बाहेर आल्या. मिस्त्रींच्या बायको. हातात भडंगाची परात.

"काय हो, मोटार निघाली का गावाला?" त्यांनी विचारलं.

"छत बसंना झालंय," मिस्त्री म्हणाले.

"बाई गं. आमच्या रिक्षाला दोन वर्षं छत नव्हतं. पळत हुतीच की." त्यांनी परात टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि कांद्याचा एक तुकडा धैर्यशीलच्या हातात दिला. "खा रे. नुसता काटकुळा झालायस. तुझी आई भेटली काल भाजीत."

धैर्यशीलने मान वर केली नाही.

"शुक्रवारी रणजितचं वर्षश्राद्ध म्हणाली. तू गाडी फोटोसमोर ठेवणार म्हणाली. म्हणाली, गाडी झाली की पोरगं एकदाचं माझ्यासमोर पाटावर बसून जेवंल."

"मी जेवतो की घरात."

"उभ्यानं. ओट्यापाशी. ते बी सांगितलं तिनं." चाचींनी परातीतले फुटाणे निवडून त्याच्या बाजूला सारले. "मी म्हणलं, बाई, आमच्यात तरी कुठं बसून जेवतंय. ह्यांचं बी ध्यान टेबलावर."

त्या आत गेल्या. पडदा हलत राहिला.

रणजित धैर्यशीलचा थोरला भाऊ. ही लाल गाडी त्याची. खरी गाडी आता कुठल्याशा आवारात पत्र्याखाली पडून होती, आणि रणजित मागच्या वर्षी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर अपघातात गेला होता. एवढं उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनी त्याबद्दल अकरा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

"शुक्रवारला किती दिवस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीन."

"मग रडतोस कशाला. दीड तासाचं काम हाय."

"मी रडत नाहीये."

"बरं. रडू नगंस. पिंजरा बाहेर काढ. चारी पायांतनं पाव सूत घास. वरच्या आडव्या नळ्यांतनं तेवढंच काप आणि परत झाळ. तळ कडेनं कानस. छत बसतंय."

पाव सूत म्हणजे इंचाचा बत्तिसावा हिस्सा. धैर्यशीलने मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. बरोबर होता. त्याला राग आला तो ह्याचाच, की म्हाताऱ्याने तो पट्टी न लावता केला होता.

त्याने चिमटा उचलला. पिंजऱ्याच्या चारी पायांची टोकं तळातून मोकळी केली. हे सोपं होतं, ती नुसती भोकांत खोचलेली होती. मग पिंजरा दोन्ही हातांनी धरून वर उचलू लागला.

पिंजरा दोन नखं वर आला आणि थांबला.

खांद्यावरचे पट्टे मागच्या आडव्या नळीला गुंडाळलेले होते. कमरेचे पट्टे तळाला घट्ट चिकटवलेले. मध्ये बकल. बकल उघडल्याशिवाय पिंजरा निघणार नव्हता.

त्याने पिंजरा खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बकल चिकटवलंयस?"

"नाही. खरं आहे ते. चालतं."

"चालतं म्हणजे?"

"नखाने दाबलं की सुटतं."

मिस्त्रींनी भिंग डोळ्यांवर सरकवलं, वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "वा" निघालं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. दुसरा कुठला दिवस असता तर धैर्यशील तेवढ्या एका अक्षरावर आठवडाभर चालला असता.

"मग दाब की," मिस्त्री म्हणाले.

धैर्यशीलने चिमटा खाली ठेवला.

"मी छत कापतो."

"काय?"

"छत कापतो. मधून उंच करतो थोडं. वरून रंग दिला की कळणार नाही."

"पुण्याच्या पंचांना कळणार न्हाई. तुला कळंल."

"मला चालेल."

"छतानं काय केलंय तुझं? छत मापात हाय." मिस्त्रींनी भडंगाची चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश चावली. "बकल दाबायला एक नख लागतंय. छत कापायला तीन दिवस. तू तीन दिवस घेतोस. का? हात कापतोय?"

"नाही."

"मग?"

धैर्यशीलने छत उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"गाडीत हाय कोण?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोण नाही."

"नीट बघ. बाहुली बसवलीयस का?"

"नाही, वस्ताद. रिकामी आहे."

"मग रिकाम्या गाडीत पट्टे बांधलेत कशाला?"

बोळात कुणीतरी लोखंडावर कानस चालवत होतं. ती चालायची, थांबायची, पुन्हा चालायची.

धैर्यशीलला उत्तर येत होतं. कारागिराचं उत्तर. पट्टे बांधलेले असले की सरळ राहतात, नीट दिसतात, असं सांगता आलं असतं. तो त्या उत्तरापर्यंत गेला, आणि ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

"मी बांधायचो," तो म्हणाला. "दर वेळी मीच बांधायचो. आतल्याला खांद्यावरचे पट्टे स्वतः ओढता येत नाहीत. हात मागे जात नाही, पिंजरा आड येतो. बाहेरच्याने वाकून ओढायचे असतात. ते माझं काम. दादा आत बसायचा, मी ओढायचो, गळ्याच्या हाडापाशी दोन बोटं घालून बघायचो. बोटं जात असतील तर अजून ओढायचो. मग हेल्मेटवर दोन टपल्या. टपल्या बसल्या की तो निघायचा."

"आणि त्या दिवशी? सांगायचं नसंल तर नगंस सांगू."

"त्या दिवशी तिसरी फेरी माझी होती. आठ दिवस आधी ठरलेलं. आणि ऐन वेळी दादा म्हणाला, तू अजून कच्चा आहेस, पुढच्या वेळी बघू. चार लोकांसमोर म्हणाला. ते हसले."

"मग?"

"मी जाऊन टायरावर बसलो. त्याच्याकडे पाठ करून. त्याने हाक मारली. धैर्या, पट्टे... मी उठलो नाही. परत मारली. ये की रे, धैर्या. पट्टे."

मिस्त्रींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"मी बुटाची नाडी बांधत बसलो," धैर्यशील म्हणाला. "बांधलेलीच होती. सोडून परत बांधली."

बोळातली कानस थांबली होती.

"त्याने त्याचे त्याने बांधले. जमतील तसे. मला आवाज आला, बकल लागल्याचा. मी वळलो नाही. मग गाडी सुटल्याचा आवाज. धावपट्टी संपता संपता गाडी एका बाजूला ओढली गेली आणि बांधावर जाऊन उलटली." त्याने पितळी पिंजऱ्यावरून एक बोट फिरवलं. "पिंजऱ्याला पोचा आला नाही, वस्ताद. तो मीच केला होता. एक सांधा सुटला नाही. सगळे तेच म्हणत होते. काय पिंजरा केलाय. आई म्हणते, नशीब. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पट्ट्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. चार लोक होते, ते दिव्याकडे बघत होते. कुणाचं लक्ष नव्हतं."

"आज सांगितलंस."

"हो. आता तुम्ही सांगा."

"काय?"

"मी बांधले असते तर..."

धैर्यशीलला वाटलं, आता मिस्त्री काहीतरी बोलतील. उद्यमनगरातली माणसं त्यांच्याकडे भांडणं घेऊन यायची, आजार घेऊन यायची, आणि जाताना मान हलवत जायची. त्यांच्याकडे ह्यालाही काही असेल.

"मला ठावं न्हाई," मिस्त्री म्हणाले.

धैर्यशीलने मान खाली घातली.

मिस्त्री टेबलाला हात टेकून उठले. भिंतीवर खिळ्याला जुन्या लेथचे दोन कापडी पट्टे लटकत होते, मोटर आणि चाक जोडणारे, तेल पिऊन काळे पडलेले. ते त्यांनी काढले, झटकले. मग आपल्या उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसले आणि पट्टे मांडीवर ठेवले.

"बांध," ते म्हणाले.

"काय?"

"मला बांध. भावाला बांधायचास तसं."

"वस्ताद, हे कसलं..."

"दुसऱ्यांदा बोलवाय लावतोस?"

धैर्यशील जागच्या जागी उभा राहिला. मग आला.

त्याने एक पट्टा मिस्त्रींच्या दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि टोकं खुर्चीच्या पाठीमागे नेली. दुसरा कमरेवरून. मागे गाठ मारली. गाठ कशीबशी बसली.

मिस्त्रींनी पुढे वाकून पाहिलं. पट्टा ढिला झाला, ते चांगले वीतभर पुढे आले.

"हे असं बांधायचास?"

"नाही."

"मग? भाऊ थोरला आणि म्हातारा परका, म्हणून?"

धैर्यशीलने गाठ सोडली. खुर्चीच्या पाठीला गुडघा लावला आणि दोन्ही टोकं ओढली. कापड करकरलं. त्याने पुन्हा ओढली. मिस्त्रींच्या छातीतून "हं" असा आवाज निघाला, आणि त्यांची पाठ खुर्चीला चिकटली.

"अजून?" त्याने विचारलं.

"तुला ठावं."

त्याने अजून ओढली. गाठीवर गाठ मारली. मग पुढे आला आणि, आपण काय करतोय हे कळायच्या आत, मिस्त्रींच्या गळ्याशी वाकून हाडापाशी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

बोटं गेली नाहीत.

त्याने मिस्त्रींच्या पांढऱ्या टोपीवर दोन टपल्या मारल्या.

आणि हात तिथेच राहिला, टोपीवर.

"आता गच्च आहेत," तो म्हणाला. लहान मुलाला सांगावं इतक्या हळू. "आता हलत नाहीत. आता काही होणार नाही."

धैर्यशील खाली बसला, लाकडाच्या भुश्यात, त्यांच्या पायांपाशी. त्याने कमरेवरचा पट्टा दोन्ही मुठींत धरला आणि त्या मुठींवर कपाळ टेकलं. रडण्याचा आवाज फार नव्हता. खुर्ची तेवढी हलत होती.

आतून हलीमाचाचींनी जेवायला हाक मारली. कुणी ओ दिली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि मग त्याही गप्प झाल्या.

मिस्त्री बसून होते. श्वास अर्धाच घेता येत होता. हातांवरच्या शिरा फुगल्या होत्या, आणि दोन तुटक्या बोटांची टोकं निळसर झाली होती. टेबलावर दिव्याखाली लाल गाडी होती, छत काढून ठेवलेली, आत सगळं लखलखीत.

रडणं थांबलं तरी धैर्यशीलच्या मुठी सुटल्या नव्हत्या. उलट त्या पट्ट्यावर आणखी आवळल्या होत्या, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

मिस्त्रींनी उजवा हात उचलला, त्याच्या डोक्यावर ठेवायला. खांद्यावरच्या पट्ट्याने हात मध्येच अडवला. तो डोक्यापर्यंत पोचेना. त्यांनी एकदा पुढे व्हायचा प्रयत्न केला. पट्टा हलला नाही. काम चोख झालं होतं.

त्यांनी हात परत खाली घेतला.

"सोड आता, पोरा," ते म्हणाले. "मला उठायचं हाय."